बॅकअप नक्की कशाचा? वडोदऱ्याच्या तीन डायव्हर्सचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्याच तिघांच्या टीमचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि एक-दोन व्यक्तिगत तपशील बदलले आहेत. गॅसचे आकडे, सामानाची निवड आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

टीममधले दोघे मामा-भाचे. मामा 49 वर्षांचे, नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. भाचा 27 वर्षांचा, दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेला. तिसरी मी, रावपुऱ्यात राहते, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तिघांनाही डायव्हिंगची गोडी मालवण, नेत्राणी आणि अंदमानात लागली. पुढे तिघांनी डीकंप्रेशनचा (थांबत-थांबत वर येण्याचा) आणि मग 60 मीटरपर्यंतचा ट्रायमिक्स (हिलियम मिसळलेल्या गॅसचा) कोर्स परदेशात जाऊन पूर्ण केला.

वडोदऱ्यात राहून हे करण्यातली मोठी अडचण म्हणजे सरावाला पाणी नाही. समुद्र लांब, विश्वामित्रीत मगरी, आजव्याच्या तलावातही मगरी. उरतो तो एका क्लबचा तरणतलाव. खोल बाजूला तीन मीटर, आणि तोही रात्री साडेनऊनंतर, बाकीचे पोहणारे घरी गेल्यावर. दोन ॲल्युमिनियमची सिलिंडरं आम्ही गोव्याहून गाडीने आणली होती. आमची सगळी तयारी त्या तीन मीटरमध्येच झाली.

ठरवलेली डाइव्ह होती मे महिन्यात, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआजवळच्या ‘हर्मिस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर. 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी ते बुडवलं, 300हून अधिक नौसैनिक गेले. जहाज सुमारे 53 मीटर खोल तळावर पडलेलं आहे. आत शिरायचं नाही, बाहेरूनच बघायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. एक तर ती त्या माणसांची समाधी आहे, दुसरं म्हणजे आमचं प्रशिक्षण आत शिरण्याचं नाही.

मूळ योजना अशी: खोली 50 मीटर, तळाची वेळ 20 मिनिटं, गॅस ट्रायमिक्स 21/35, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजन, 35 टक्के हिलियम, बाकी नायट्रोजन. वर येताना 21 मीटरवर 50 टक्के ऑक्सिजनच्या सिलिंडरवर (हे डेको सिलिंडर) जायचं आणि साधारण अर्धा तास टप्प्याटप्प्याने थांबत वर यायचं, म्हणजे अंगात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडतो. साध्या हवेवर 50 मीटरला गॅसची घनता लिटरला पावणेआठ ग्रॅमच्या घरात जाते. 6.2 ग्रॅमच्या वर फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, असं मानलं जातं. हिलियममुळे तीच घनता साडेपाच ग्रॅमवर येते. म्हणून हिलियमवर खर्च करायचा, बाकी ठिकाणी वाचवू, एवढं तिघांचं एकमत होतं.

प्रश्न कुठून उभा राहिला

उत्तरायण उलटून आठवडा झाला असेल. मामांनी आम्हाला घरी बोलावलं, शेवउसळ झाली आणि मग त्यांनी आतल्या खोलीत सतरंजीवर मांडलेलं सामान दाखवलं. प्रत्येक वस्तू दोनदा, काही तीनदा: चार टॉर्च, तीन डाइव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि थांबे दाखवणारे), दोन मास्क, पोटरीला बांधायचा मोठा चाकू, आणखी एक चाकू, कात्री, दोन रील, दोन स्पूल (दोरी गुंडाळलेल्या चकत्या), दोन एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटीला दाखवायला वर सोडायचे फुगे), दोन फुगे असलेली विंग (तरंगण्यासाठी पाठीवर बांधायची हवेची पिशवी), जास्तीचा प्रेशर गेज. वजनकाट्यावर सगळं मिळून 43 किलो. विमानात एकाला 30 किलो.

मामांचा विचार त्यांच्या कामातून आलेला होता. कारखान्यात एखादा सेन्सर महत्त्वाचा असेल तर तिथे तीन बसवतात आणि तिघांपैकी दोघं म्हणतील ते खरं मानतात. “जे बंद पडल्यावर माणूस मरू शकतो, ते दोन हवंच,” असं ते म्हणत, आणि त्यात काही चूक नाही. पण कारखान्यात तीन सेन्सर भिंतीवर असतात. इथे ते माणसाच्या अंगावर लटकतात, आणि त्या माणसाला दोनच हात आहेत.

त्याच आठवड्यात तलावात त्याचा प्रत्यय आला. मामांनी सगळं अंगावर चढवून डेको सिलिंडर काढायचा सराव केला. डाव्या कमरेच्या डी-रिंगवर सिलिंडरचा बोल्ट-स्नॅप (अडकवायचा हूक), शेजारी रीलचा, त्याखाली स्पूलचा आणि गेजचा, असे चार एकसारखे स्नॅप. डोळे मिटून त्यांनी जो काढला तो गेजचा निघाला. दुसऱ्यांदा रीलचा. सिलिंडर सुटायला पावणेदोन मिनिटं लागली, आणि तेही तीन मीटरवर, कोमट पाण्यात, काही बिघडलेलं नसताना.

वस्तू कशा तपासल्या

भाच्याचं म्हणणं, किलो मोजून कापाकापी करू. मला ते पटलं नाही. वजन ही विमानाची अट आहे, पाण्याखालची नाही. त्याऐवजी प्रत्येक वस्तू हातात धरून विचारायचं ठरवलं: ही 50 मीटरवर बंद पडली तर मी सगळे थांबे पूर्ण करून वर येऊ शकते का? येऊ शकत असेन, तर तिचा बॅकअप नको. येऊ शकत नसेन, तर ती जागा शेजारचा डायव्हर भरून काढतो का? आणि बॅकअप घ्यायचाच असेल, तर तो अंधारात, एका हाताने, न बघता वापरता येतो का? मामांनी त्यात एक भर घातली, आणि ती फार मोलाची होती: ज्या कारणाने पहिली वस्तू बंद पडेल, त्याच कारणाने दुसरीही पडणार असेल, तर ते दोन धरायचे नाहीत, एकच धरायचं.

टॉर्चचा निकाल पाच मिनिटांत लागला. तीन टॉर्चचा नियम गुहांमधला आहे, जिथे उजेड गेला की बाहेरची वाटच सापडत नाही. आम्ही मोकळ्या समुद्रात, दिवसाउजेडी जाणार होतो. एक मुख्य, एक बॅकअप, बस.

मास्कवर वादच झाला नाही. मास्क गेला तर कॉम्प्युटर वाचता येत नाही, आणि अर्ध्या तासाचे थांबे अंदाजाने करता येत नाहीत. शेजाऱ्याचा मास्क मागून भागणारं नाही. प्रत्येकाच्या मांडीच्या खिशात एक मऊ, घडी पडणारा मास्क.

चाकूंवर जास्त वेळ गेला, कारण जुन्या जहाजांवर मासेमारीची जाळी अडकून राहतात आणि ती खरी भीती आहे. मामांचा पोटरीवरचा चाकू टायटॅनियमचा, महागाचा, त्यांना विशेष प्रिय. भाच्याने मासेमारीची विणलेली नायलॉन दोरी आणली, वर झाडाला अडकलेला मांजाही गोळा केला आणि खुर्चीच्या पायाला सैल बांधला. मामांना डोळ्यांवर पट्टी बांधून डाव्या हाताने कापायला सांगितलं. चाकू सैल दोरीवरून नुसता घसरत राहिला. ताण नसेल तर धारेला काही पकडताच येत नाही. खाचेतलं पातं असलेला छोटा लाइन कटर मात्र दोरी खाचेत ओढून एका झटक्यात तोडत होता, आणि जाड सुतळीला कात्री चालली. शिवाय पाठीवर जोडसिलिंडर असताना पोटरीपर्यंत हात नेणं म्हणजे कसरतच. कटर छातीच्या पट्ट्यावर उजवीकडे, कात्री कमरेला डावीकडे, अशी वाटणी झाली. दोन साधनं, दोन हातांना. पोटरीवरचा चाकू घरी राहिला.

कॉम्प्युटरच्या बाबतीत मामांचाच नियम मामांवर उलटला. त्यांचे तिन्ही कॉम्प्युटर एकाच रात्री, एकाच माणसाने, एकाच टेबलावर सेट केलेले. गॅसचं मिश्रण चुकीचं टाकलं तर तिन्हीत चुकीचं जाणार. आम्ही दोनच ठेवले, दोन्हीला एकच सेटिंग दिलं, आणि डाइव्हच्या सकाळी प्रत्येकाने स्वतःचे नव्हे तर दुसऱ्याचे कॉम्प्युटर मोठ्याने वाचायचे, असं ठरवलं. थांब्यांचं लेखी वेळापत्रक पाण्यात चालणाऱ्या वहीत, पेन्सिलीने. हा बॅकअप बॅटरीवर चालत नाही.

विंगचा निर्णय

सगळ्यात जास्त खल झाला तो विंगवर. उबदार पाणी असल्यामुळे आम्ही तीन मिलिमीटरचा वेटसूट घालणार होतो. ड्रायसूट असता तर विंग फाटल्यावर त्यात हवा भरून वर येता आलं असतं. वेटसूटमध्ये तो मार्ग नाही. उलट 50 मीटरवर सूट दाबून पातळ होतो आणि त्याची तरंगशक्ती जवळजवळ संपते. बोटवाले प्रत्येकी 12 लिटरच्या स्टील सिलिंडरांची जोडी देणार होते. भरलेली ती जोडी पाण्यात चांगलीच जड असते. विंग गेली तर पायांच्या जोरावर ते ओझं घेऊन वर येणं अवघड, थांब्यावर स्थिर राहणं त्याहून अवघड.

मामांचं उत्तर तयार होतं: दोन फुगे असलेली विंग. तिच्याविरुद्ध माझी तक्रार अशी की दुसऱ्या फुग्याचा इन्फ्लेटर (हवा भरायची नळी) जोडलेला ठेवला आणि तो हळूच गळू लागला, तर न वापरलेला फुगा आपोआप भरतो. डायव्हर पहिल्या फुग्यातली हवा सोडत राहतो आणि तरीही वर ओढला जातो. थांबे बाकी असताना वर ओढलं जाणं हे खाली बुडण्याइतकंच घातक.

दुसरा पर्याय एसएमबीचा फुगा उचलण्यासाठी वापरायचा. काही प्रशिक्षक हे शिकवतात, पण आमच्यापैकी कोणालाही ते सहज जमलं नव्हतं.

तिसरा पर्याय बॅकअपची गरजच कमी करणारा होता: स्टीलऐवजी ॲल्युमिनियमची 11.1 लिटरची जोडी. ती भरलेली असताना जेमतेम जड असते आणि रिकामी होत आली की तरंगू लागते. त्यासाठी कमरेला जे शिसं बांधावं लागतं, त्यातलं काही गरज पडल्यास सोडता येतं. तलावात आम्ही प्रत्येकाने भरल्या सिलिंडरांसह, विंग पूर्ण रिकामी करून, सूटची गेलेली तरंगशक्ती भरून काढायला खिशात दोन किलो जास्तीचं शिसं ठेवून तळापासून वर पोहून बघितलं. मामांना धाप लागली, पण ते वर आले आणि दोन मिनिटं पृष्ठभागाखाली एका जागी राहिलेही.

या निवडीची किंमत गॅसमध्ये मोजावी लागली. हिशोब असा. 50 मीटरवर दाब सहा पट, श्वास मिनिटाला 20 लिटर धरला तर मिनिटाला 120 लिटर. राखीव गॅस दोघांसाठी धरायचा, कारण एकाचा संपला तर दुसऱ्याने त्याला 21 मीटरपर्यंत आणायचं असतं. घाबरलेल्या माणसाचा श्वास 30 लिटर धरला, दोघांचे 60. तळावर गोंधळ आवरायला दोन मिनिटं, म्हणजे 720 लिटर. 21 मीटरपर्यंत यायला चार मिनिटं, सरासरी दाब साडेचार पटींहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे 1,090 लिटर. एकूण राखीव साधारण 1,810 लिटर. स्टीलच्या 24 लिटरच्या जोडीत हे 76 बार (दाबाचं एकक) होतात, ॲल्युमिनियमच्या 22.2 लिटरच्या जोडीत 82 बार. 20 मिनिटांना 2,400 लिटर, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये 108 बार. बेरीज 190. 200 बारच्या भरावात हाताशी फक्त दहा बार उरतात, आणि गेजवर तेवढा विश्वास ठेवायला मी तयार नव्हते.

वेळ 18 मिनिटांवर आणली. 97 अधिक 82, म्हणजे 179. “18 मिनिटं किंवा 100 बार, जे आधी होईल ते,” असं वहीत लिहिलं. दोन मिनिटं देऊन आम्ही एक गुंतागुंतीची वस्तू टाळली. आजही मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

खांदा

यादी बऱ्यापैकी आटोपली होती. ज्याच्याबद्दल कोणालाच शंका नव्हती तो बॅकअप म्हणजे दुसरा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते तोंडातलं साधन). जोडसिलिंडरवर दोन व्हॉल्व्ह, दोन वेगळे फर्स्ट स्टेज (सिलिंडरचा दाब उतरवणारे भाग), एक रेग्युलेटर लांब नळीवर तोंडात, दुसरा गळ्यात रबरी दोरीने हनुवटीखाली. एक बिघडून गॅस वाहू लागला की त्याचा व्हॉल्व्ह मागे हात नेऊन बंद करायचा आणि दुसऱ्यावर जायचं. कोर्समध्ये तिघांनी केलेलं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी मामांना खूण केली, उजवा व्हॉल्व्ह बंद. त्यांचा हात डोक्यामागे गेला. बोटं मुठीच्या रबरावर टेकलेली मला दिसत होती, नखं पांढरी पडलेली, पण मूठ फिरत नव्हती. त्यांनी मान वाकवली, कोपर दुसऱ्या हाताने वर ढकललं, परत प्रयत्न केला. मग हात खाली आला आणि त्यांनी मला ‘वर’ अशी खूण केली.

वर आल्यावर कळलं, उजवा खांदा चार महिन्यांपासून आखडलेला होता. शर्ट घालताना दुखायचा. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

भाचा काठावर बसून म्हणाला, “मामा, तिथपर्यंत हात पोचत नसेल तर तो दुसरा रेग्युलेटर गळ्यात नुसता टांगलेला आहे.” मामा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. “तुम्ही स्पष्ट सांगा, मे महिना सोडायचा का?”

पर्याय आम्ही तिघांनी बसून मांडले. साइडमाउंट घ्यायचं, म्हणजे सिलिंडरं काखेखाली आणि व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर. खांद्याच्या दृष्टीने ते उत्तम, पण ती मांडणी नवी शिकून थेट 50 मीटरवर नेणं मला मान्य नव्हतं. दुसरं, मामांचा व्हॉल्व्ह आमच्यापैकी कोणीतरी बंद करायचा. हे आम्ही तलावात करून बघितलं, हातभर अंतरावर असलं तर जमतं. पण टीममेटवर विसंबायचं ते अडीअडचणीला. डाइव्ह सुरू होण्याआधीच ज्याची गरज ठरलेली आहे, ती अडीअडचण राहत नाही. तिसरं, मामांनी 30 मीटरच्या वरच राहायचं. तेव्हा टीम दोघांचीच उरते आणि गॅसची सगळी गणितं बदलतात. चौथं, थांबायचं.

थांबलो. पूर्व किनाऱ्याचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालतो, म्हणून मेऐवजी ऑगस्ट धरला. मामांनी अकरा आठवडे फिजिओथेरपी केली. सिलिंडरं पट्ट्यांमध्ये पाच सेंटिमीटर वर सरकवली, हार्नेसची खांद्याची पट्टी सैल केली. कसोटी अशी ठेवली की सलग तीन सरावांत, न सांगता खूण दिल्यावर, दोन्ही व्हॉल्व्ह आणि मधला आयसोलेटर (दोन सिलिंडरांमधली जोडणी बंद करणारा) प्रत्येकी 30 सेकंदांच्या आत बंद झाले पाहिजेत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या व्हॉल्व्हला 24 सेकंद लागले. त्याआधी एकदा ते दुसऱ्या सरावात नापास झाले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्या रात्री त्यांनी स्वतःच “परत एकपासून” म्हटलं.

डेको गॅसचं काय ठरवलं

50 टक्क्यांच्या सिलिंडरला एकच फर्स्ट स्टेज आणि एकच रेग्युलेटर असतो. तो बिघडला तर? प्रत्येकी दोन डेको सिलिंडरं नेणं अशक्य. हिशोब केला: अर्ध्या तासाच्या थांब्यांना एकाला साधारण 1,080 लिटर. एका सिलिंडरात 2,220. म्हणजे तीन सिलिंडरांपैकी एक निकामी झालं तरी उरलेल्या दोघांत तिघांची गरज भागते. इथे टीमच बॅकअप आहे, फक्त वाटून घ्यायची रीत पाठ हवी. ती तलावात दोनदा केली. त्याशिवाय बोटीखाली नांगराच्या दोरीवर सहा मीटरला एक भरलेलं सिलिंडर टांगायचं ठरलं. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन, आणि सर्वांत जवळच्या रीकंप्रेशन चेंबरचा (उपचारासाठी पुन्हा दाब देणाऱ्या खोलीचा) फोन नंबर लेखी. प्रत्येकाची एक नारिंगी एसएमबी, आणि टीमसाठी एकच पिवळी: पिवळी वर आली तर खाली अडचण आहे.

प्रत्यक्षात काय झालं

सामान प्रत्येकी 28 किलोंच्या आत बसलं. पहिल्या सकाळी एकमेकांचे कॉम्प्युटर वाचताना भाच्याला मामांच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर अंदमानच्या सहलीतला 32 टक्क्यांचा गॅस अजून चालू दिसला. काढून टाकला. पहिली डाइव्ह सुरळीत झाली.

दुसऱ्या दिवशी प्रवाह होता. 18 मिनिटांनी वर निघालो तेव्हा नांगराची दोरी हातची गेली होती, म्हणून एसएमबी सोडून वाहत वर यायचं ठरवलं. माझं स्पूल अडकलं, भाच्याची एसएमबी वर गेली. 21 मीटरवर मामांनी डेको रेग्युलेटर तोंडात घेतला, दोन श्वास घेतले आणि खोकले. श्वासाबरोबर पाणी येत होतं. पर्ज, म्हणजे गॅस जोरात सोडणारं बटण, दाबून बघितलं, पुन्हा पाणी. ते पाठीवरच्या गॅसवर परतले आणि ठरलेली खूण केली.

नऊ मीटरपर्यंत मी आणि मामा माझ्या सिलिंडरवर पाच-पाच मिनिटं आलटून पालटून राहिलो. मामांचा कॉम्प्युटर आम्ही मुद्दाम पाठीवरच्या गॅसवरच ठेवला, म्हणजे तो जास्तीचे थांबे मागेल आणि चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल. भाचा त्याच्या सिलिंडरवर अखंड राहिला आणि सहा मीटरवर स्वतःचे थांबे संपताच त्याने ते संपूर्ण सिलिंडर मामांकडे दिलं. तेव्हा मामांनी कॉम्प्युटरवर गॅस बदलला. 29 मिनिटांच्या जागी 44 मिनिटं लागली. तिघं एकत्र वर आलो. कोणाला काही झालं नाही. मामांना बोटीवर खबरदारी म्हणून ऑक्सिजन दिला आणि तिसरी डाइव्ह रद्द केली.

यात एक गोष्ट साफ फसली. सहा मीटरवर टांगलेलं सिलिंडर नांगराच्या दोरीला होतं, आणि आम्ही दोरीपासून कुठच्या कुठे वाहून आलो होतो. भाच्याने पिवळी एसएमबीही सोडली होती. पण तिचा अर्थ आम्ही बोटीच्या कप्तानाला सांगितला होता, आणि त्या दिवशी पाण्याकडे लक्ष ठेवून बसलेल्या पोराला नाही. त्याने बघितलं, दोन फुगे आहेत, ठीक आहे असं समजला. चूक त्याची नव्हे, आमची.

रेग्युलेटर संध्याकाळी उघडला. उच्छ्वास बाहेर जाण्याच्या झडपेची रबरी चकती कडेला दुमडली होती, आणि त्या घडीत वाळूचा एक कण होता.

वेगळं काय करता आलं असतं

ती चकती डाइव्हच्या आधीच सापडली असती. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून, नळीतला दाब काढून, रेग्युलेटर तोंडात धरून आत ओढायचं. हवा यायला नको. आली तर कुठेतरी फट आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. आम्ही ही तपासणी पाठीवरच्या दोन्ही रेग्युलेटरांची रोज केली. डेकोचे रेग्युलेटर बोटीवर शेवटी जोडले, पर्ज दाबून गॅस येतो एवढंच बघितलं. बोटीवर कोरड्या हवेत नुसतं पर्ज दाबून ही खोट कळत नाही.

टांगतं सिलिंडर नांगराला बांधायला नको होतं. ते स्वतःच्या दोरी आणि तरंगत्या फुग्यासह बोटीत तयार ठेवून, पिवळी एसएमबी दिसताच तिच्याजवळ सोडलं पाहिजे, आणि बोटीवरच्या प्रत्येक माणसाने पिवळीचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगून दाखवला पाहिजे.

आणि आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी वस्तूंची यादी आणि मग सराव, असं झालं. जानेवारीत पहिल्याच रात्री व्हॉल्व्हचा सराव घेतला असता तर मामांचा खांदा महिनाभर आधी कळला असता, आणि चार टॉर्चवर बोलण्यात गेलेला वेळ त्या खांद्याला मिळाला असता.

एका मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही. भाच्याचं म्हणणं, टीममधल्या एका डेको सिलिंडरवर दुसरा रेग्युलेटर लावावा, म्हणजे दोघांना एकाच वेळी श्वास घेता येईल, आलटून पालटून नको. माझा विरोध आहे. 50 टक्क्यांचा गॅस 50 मीटरवर चुकून तोंडात गेला तर ऑक्सिजनचा दाब 3.0 बार होतो. 1.6 ही आपण थांब्यांवर मानतो ती कमाल मर्यादा. त्याहून जास्त ऑक्सिजनने आकडी येऊ शकते, आणि ती तळावर आली तर माणूस तिथेच बुडतो. त्या गॅसचं आणखी एक तोंड अंगावर लटकवणं मला धोक्याचं वाटतं, मग ते रबराने कितीही घट्ट बांधलेलं असो. भाचा म्हणतो, व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि नळीत दाबच नसला तर श्वास येणार कुठून? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गॅस बदलण्याच्या घाईत कोणता रेग्युलेटर कोणाचा, हे चुकून माणसं गेलेली आहेत, हेही खरं आहे. मामा अजून कोणाच्याच बाजूने बोललेले नाहीत. गुरुवारी रात्री साडेनऊला तलाव मिळाला आहे, दोन्ही पद्धतींनी घड्याळ लावून करून बघणार आहोत.

मामा तिन्ही डेको रेग्युलेटर स्वतः घेऊन येतात. पाण्यात उतरण्याआधी काठावर बसून एकेक तोंडात धरतात, गाल आत ओढतात, दहापर्यंत मोजतात आणि मग आमच्याकडे देतात.